कारवार ते मुर्डेश्वर, एकटीनं

"थांबा वैनी," म्हणत एक माणूस थेट सायकलीपुढेच आला, तेव्हा मंगलला ब्रेक दाबण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही.

अंकोल्याच्या अलीकडे, पावणेआठ वाजता, तिच्या सासरच्या कंग्राळी गावचा नागेंद्र उभा होता. नागेंद्र बसवर कंडक्टर. त्याची बस मागे थांबलेली होती आणि बसमधली माणसं खिडक्यांतून मंगलच्या हेल्मेटकडे बघत होती.

"घरातनं फोन आलता," नागेंद्र म्हणाला. "इडली खावा. आनि सायकल धरून उभ्या ऱ्हावा, फोटो धाडायचाय."

मंगल बेळगावात टिळकवाडीतल्या एका हायस्कुलात गणित शिकवायची. पंचेचाळिसाव्या वर्षी तिने सायकल घेतली. दोन वर्षं पहाटे सांबऱ्यापर्यंत जाऊन येऊन पाय तयार केले, आणि एका सायकल क्लबच्या आजच्या रविवारच्या सफरीत नाव घातलं. कारवार ते मुर्डेश्वर, सव्वाशे किलोमीटर. सकाळी सहाला सुटायचं, दुपारी तीनच्या आत पोचायचं, पोचलं की पदक. समुद्राकाठ निवडण्याचं एक कारण म्हणजे रस्ता बराचसा सपाट. खरं कारण वेगळंच होतं. निपाणीच्या बाजूला जावं तर दर दोन गावांना एखादी नणंद नाहीतर मावससासू निघते. इथे आपलं कोणीच नाही, अशी तिची समजूत होती. आयुष्यात एक दिवस आपल्याला कुणी थांबवू नये, एवढंच तिला हवं होतं. दिवसभर फोन करायचा नाही, असं नवऱ्याकडून तिने वदवूनही घेतलं होतं.

नवरा परशराम भूमापन खात्यात होता. मोजून बघितल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही ही त्याच्या खात्याची रीत, आणि ती तो घरीही पाळायचा. तेव्हा हे फोटोंचं डोकं कुणाचं, ते मंगलने लगेच ओळखलं.

"जरा बाजूला सरा वैनी," नागेंद्र म्हणाला. "मागचं दिसू दे."

मागे दिसण्यासारखी कापलेली भाताची शेतं होती आणि एक बगळा होता. नागेंद्रने तो नीट टिपला. या सगळ्यात चौदा मिनिटं गेली.

कुमट्याला सौरव भेटला. हा सांबऱ्याचा, परशरामच्या मावसभावाचा मुलगा, तिथे बँकेत लागलेला. त्याच्या हातात शिऱ्याचा डबा होता.

"काकू, घरातनं फोन आलता. पन हितनं समुद्र दिसत न्हाय. दोन मिनिटं आत जाऊया."

"समुद्र कशाला?"

"फोटोत पायजे म्हणून सांगितलंय."

नको म्हणेपर्यंत त्याने हँडल धरून सायकल वळवलीही होती. दोन मिनिटांची सतरा झाली. वाळूत उभ्या उभ्या मंगलने नवऱ्याला फोन लावला आणि जे बोलायचं ते बोलून घेतलं.

"मी कुनालाबी फोन केलो न्हाय," परशराम म्हणाला.

बावीस वर्षांच्या संसारात त्याने कुठलीही गोष्ट पहिल्या झटक्यात कबूल केली नव्हती. मंगलने फोन बंद केला आणि सायकल हाणली.

होन्नावरला शरावतीच्या पुलावर छत्री घेऊन शालूबाई उभी होती. कंग्राळीत शेजारच्या आळीतली, नवरा इकडे जंगल खात्यात. तिला चुकवून जायचा मंगलने प्रयत्न केला, पण शालूबाईने छत्री आडवी धरली.

"कठड्याला लागून उभी ऱ्हा गं. पानी समदं आलं पायजे."

"शालूबाई, मी पळून चाललेली नाही. तेवढं कळवा त्यांना."

"कळवते की," म्हणत शालूबाईने तीन फोटो काढले, एक पुसला आणि परत एक काढला. नऊ मिनिटं.

पुढचे अठ्ठावीस किलोमीटर मंगल कुणासाठी थांबली नाही. पाणी प्यायलाही नाही. मुर्डेश्वरला पोचली तेव्हा तीन वाजून अकरा मिनिटं झाली होती. क्लबच्या माणसाने तिला खुर्ची दिली, केळं दिलं आणि घड्याळ दाखवलं. पदकांची पेटी त्याने पायाने हळूच टेबलाखाली सारली. चौदा, सतरा आणि नऊ मिळून चाळीस होतात, आणि ती चुकली होती अकराने. मंगलला रडू आलं. तिने ते येऊ दिलं, मग तोंड धुतलं आणि जाब विचारायला नवऱ्याला फोन लावला.

फोन सासूने, अक्काताईने उचलला. अक्काताईचं वय अठ्ठ्याहत्तर. गुडघे गेल्यापासून चार वर्षं तिचा प्रवास चुलीपासून ओसरीपर्यंत होता. त्याआधीचा फार तर बेळगावच्या बाजारापर्यंत.

"आत्ती, ह्यांना द्या जरा."

"त्यो झोपलाय. आनि त्याला का बोलतीस? त्या समद्यांस्नी फोन मी लावलेते."

"तुम्ही?"

"व्हय. परश्याला ठाव न्हाय. शेजारच्या पोरीचा फोन घिऊन सकाळधरनं ओसरीत बसलोय. नागेंद्राला म्हटलं, आता कुठवर आलोय तेवढं दाव मला. त्यानं बगळा दावला."

 खुर्चीशेजारी तिची सायकल उभी होती.

"मला वेळ पुरला नाही, आत्ती," ती म्हणाली. "अकरा मिनिटं उशीर झाला."

"मग काय झालं? पोचलो न्हवं?" अक्काताई म्हणाली. "पन फुडच्या बारीला जरा हळू चालव गं. पुलावर मागं बसून मला लई भ्या वाटलं."