एक्केचाळीस तासांची भुतं

भीती माणसाला एकटं पाडते, असं थोर लोक सांगून गेलेत. त्यांनी कधी गहू कापलेला नसावा. ऑस्ट्रेलियातल्या मॅलीच्या माळावर क्लेम एक्केचाळीस तासांची ध्वनिमुद्रित भुताची कादंबरी ऐकत हार्वेस्टर चालवत होता. जेवणाचा डबा सरकून वायरलेसच्या बोलायच्या बटणावर बसल्याचं त्याला कळलंच नाही. पलीकडच्या शेतात धाकटा भाऊ लायल होता. कुंपणावरून बिनसल्यावर दोघे चार वर्षं बोलले नव्हते, आईच्या दफनावेळीसुद्धा नाही. दुपारी क्लेमने डबा उचलला, तोच वायरलेसवर शेजारीण नोरीन कडाडली, “मेल्या, सकाळपासून सगळ्यांना तुझी भुतंच ऐकू येताहेत! गव्हाचा ट्रक मागून मागून घसा बसला माझा!” ओशाळून त्याने कादंबरी थांबवली. खरखरीतून लायल बोलला, “दादा, मध्येच का बंद केलंस? तळघरात कोण होतं?” क्लेमचा घास हातातच राहिला. “ऐक,” म्हणत त्याने डबा पुन्हा बटणावर ठेवला. तळघरात उंदीर होता.