ऐच्छिक

आरटीओ ऑफिसच्या खिडकीतल्या बाबूनं नूतनचे कागद बाजूला सारले आणि काउंटरवरच्या डब्याकडे बोट दाखवलं.

"अपघातग्रस्त मदत निधी. ऐच्छिक आहे."

"मंग नाई देत."

"मंग बसा तिकडे. साहेब आल्यावर पाहू."

नूतनच्या अंगाचा तिळपापड झाला. ट्रक चालवायची परीक्षा ती सकाळीच पास झाली होती. लायसनचे कागद आज पुढे गेले नाहीत, तर घुग्घुसचा ट्रान्सपोर्टवाला दुसरा ड्रायव्हर ठेवणार होता. दातओठ खात तिनं नोट काढली.

मागून कुबडी वाजली. बाकावर बसलेला तिचा भाऊ मुखरू उठून आला होता. कोळशाच्या ट्रकखाली त्याचा पाय गेला, तेव्हा मदतीसाठी त्यानं याच खिडकीशी खेटे घातले होते. दरवेळी एकच उत्तर : निधीत पैसा नाही.

"देऊ नोको," तो म्हणाला.

"तू बस ना दादा! माह्या कामात खोडा नोको घालू." ती त्याच्यावरच खेकसली आणि नोट डब्यात कोंबली.

बाबूनं शिक्का हाणला, कागद आत घेतले आणि तिच्या हाती एक रंगीत कार्ड दिलं. त्यावर छापलं होतं : 'अपघातग्रस्तांच्या वतीने आपले मनःपूर्वक आभार.'

मुखरूनं ते तिच्या हातातून घेतलं, वाचलं. कार्ड त्यानं खिडकीतून परत आत सरकवलं.

"हे वापस घ्या."

"काऊन?"

"मी अपघातग्रस्त आहो, साहेब. मी कोणाचेच आभार मानून नाई राह्यलो."

बाबू हसला. "अरे बावा, छापील आहे ते. सगळ्याईलेच देतो."

त्या हसण्यानं नूतनच्या कानशिलात आग पेटली. मघाशी आपण बाबूला सोडून दादावरच खेकसलो, हे तिला आता कळलं.

"झालं ना बाई तुमचं काम? व्हा बाजूला," बाबू म्हणाला.

"माहं झालं."

"पुढचा!" बाबूनं रांगेकडे पाहून हाक दिली.

रांगेतलं कुणी हललं नाही. नूतननं मुखरूच्या दंडाला धरून त्याला खिडकीसमोर उभं केलं. मग दुसऱ्या हातानं खिडकीचा गज आवळला.

"पुढचा हाच हाये."