तिसरा डाग

सोजराबाईनं विळा चुलीत घालून ठेवला होता. हैदराबादच्या डॉक्टरांनी पोटातली पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढल्याचं सांगितलंय, एवढाच निरोप भावानं बिदरहून धाडला होता. तिला तेवढा पुरला.

अंकुशराव कल्याणीपर्यंत मोटारीनं आणि पुढं बैलगाडीनं तिच्या कोहिनूर गावी पोचले, तेव्हा विळ्याचं टोक लाल झालं होतं.

"तिसरा ऱ्हायला व्हता," बहीण म्हणाली. "म्हून परत आली."

बत्तीस वर्षांमागची गोष्ट. अंकुश सात वर्षांचा होता, हिवतापानं पोट टम्म फुगलेलं. गावातली गुरुबाई पाणथरीवर तापल्या विळ्याचे तीन डाग द्यायची. दोन झाले आणि चौदा वर्षांच्या सोजरानं तिचा हात धरला. अंकुशरावांना चटका आठवतही नव्हता. आठवत होती ती नंतरची दुपार. अक्कानं त्यांना पाठुंगळी घेऊन बांधाबांधानं हिंडवलं होतं, सीताफळाची एकेक बी काढून गर भरवला होता. तसे लाड पुढं जन्मात कुणी केले नाहीत.

ते उंबऱ्यावर बसले. शाळेत मास्तर होते, समजावणं हा त्यांचा धंदाच. डॉक्टरांनाही त्यांनी तासभर सोडलं नव्हतं, अर्धं उर्दूत, अर्धं इंग्रजीत सगळं वहीत उतरवून आणलं होतं.

"अक्का, हाडाच्या नळीत मगज असतो न्हवं, तिथं रक्त तयार व्हतंय. त्यात पांढरे राखणदार असतात, रोगाला हाकलणारे. ते राखणदारच बेसुमार वाढले, का मग पीक खायलेत बघ. ह्योच रक्ताचा कॅन्सर."

मग त्यांनी त्याच्या जाती सांगितल्या. एकीत कच्चेच राखणदार टोळधाडीसारखे येतात, माणूस दोन-तीन महिन्यांत आटोपतो. दुसरी संथ, वर्षानुवर्षं चालणारी, तिच्यात पाणथरी फुगते. तिसरीत मानेला, काखेत गाठी येतात. चौथी हाडंच पोखरते. जोंधळ्याच्या जाती ऐकाव्यात तशी सोजराबाई नीट ऐकत होती.

"तुझी कंची?"

"दुसरी. किरणं देणार हायेत पोटावर. तीन-चार सालं निघतील म्हणतात."

हे वाक्य त्यांनी वाटभर घोकलं होतं, म्हणून आवाज हलला नाही. बाईनं पदर तोंडाला लावला. मग चुलीतलं लाकूड आत सारलं.

"ह्यातली कंची जात," तिनं विचारलं, "अर्धवट डागल्यानं व्हती?"

बत्तीस वर्षं बाईनं हे मनात ठेवलं असणार, आणि अंकुशरावांना कधी सुगावासुद्धा लागला नव्हता.

"एकबी न्हाई, अक्का."

तिला पटेना. तू लहानपणापासून माझीच बाजू घ्यायलास, म्हणाली, आणि फडक्यात धरून विळा बाहेर ओढला. आता मास्तर हट्टाला पेटले. त्यांनी तिला शाळेतली पोरं सांगितली. दरसाल पाच-पंचवीस पोरांना हिवताप येतो, पाणथरी वाढते. दवाखान्यातल्या कडू गोळ्यांनी ताप जातो, ताप गेला की पाणथरी उतरते, आणि त्यातल्या एकालाही कुणी डागलेलं नसतं.

"माझीबी तशीच उतरली. ताप गेला म्हून. डागानं न्हवं."

हे मात्र तिला पटलं. तिनं विळा पाण्याच्या बादलीत बुडवला. चर्र आवाज झाला. अंकुशरावांना बरं वाटलं. अक्काचं ओझं उतरलं, एवढ्यासाठी हा आजारही पत्करला, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

ती जवळ येऊन बसली. त्यांचा सदरा वर केला. फुगलेल्या कुशीवर दोन जुने, पांढुरके वण होते, ताणून रुंद झालेले. तिनं त्यांवर बोट फिरवलं.

"तू लई पाय झाडायला व्हतास," ती म्हणाली. "गुरुबाईला आवरंना. मीच बसले व्हते तुझ्या पायावर."

मग सदरा खाली ओढत म्हणाली, "म्हंजे हे दोनबी फुकटच दिले की रे तुला."