पुराव्यादाखल नोंदी

हॅम रेडिओच्या परवान्यावर एकतर्फी प्रसारण चालत नाही. दुसऱ्या परवानाधारकाशी बोलायचं आणि त्याचं उत्तरही ऐकायचं. तरी गच्चीवर कपडे वाळत घालायला जाताना मी एक वॉकीटॉकी सेट बाळाच्या उशाशी सुरू ठेवायचे आणि त्याचा आवाज ऐकायला दुसरा कमरेला लावायचे.

समोरच्या इमारतीतले आप्पासाहेबही परवानाधारक. त्यांनी पहिल्याच दिवशी हटकलं.

"परवीनबाई, आपल्या चिरंजीवांना परवाना कधी मिळाला?"

"त्रास होत असेल तर ऐकू नका."

"ऐकणार. आणि तक्रारही करणार."

परवा कमरेचा सेट गप्प होता. बाळ झोपलंय समजून मी निवांत चादरी झटकत होते. इतक्यात समोरच्या गॅलरीतून आप्पासाहेब ओरडले, "अहो, बहिऱ्या आहात का? पोरगं गुदमरतंय, पळा!"

मी धावले. दुपटं त्याच्या तोंडावर आलं होतं. माझ्या कमरेच्या सेटची बॅटरी कधीच संपली होती.

तक्रार त्यांनी तरीही केलीच. पुरावा म्हणून दीड महिन्याच्या नोंदी जोडल्या होत्या: बाळ कधी जागं झालं, किती मिनिटं रडलं. प्रत्येक नोंदीचा शेवट एकच होता: 'आई पोचली. ऐकणे बंद केले.'