भोरड्यांची न्याहारी

माळ्यावरची हाक बंद पडली तेव्हा मीरासाहेब शेताच्या खालच्या अंगाला बैलांसाठी कडवळ कापत होता. आधी त्याच्या ते ध्यानातच आलं नाही. मग विळा हातातच थांबला. सकाळपासून शाळूवरून घुमणारं ‘हाऽ हो, हाऽ हो’ कुठंच नव्हतं. शेजारच्या रानात गेणबाचा पत्र्याचा डबा तेवढा वाजत होता.

पाखरं राखायला आज माळ्यावर खुर्शिद बसली होती, त्याची लेक. तान्हं पोर मातीआड करून ती माहेरी आली, तेव्हापासून रात्र रात्र तिचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. यवतच्या डॉक्टरच्या पुड्या झाल्या, दर्ग्याचा ताईत दंडाला बांधून झाला. शेवटी तिची आई बिबीजान म्हणाली, तिला रानात न्या, भिंतीकडं बघत बसण्यापेक्षा पाखरं तरी हाकलेल. लहानपणी खुर्शिदच्या गोफणीला सगळं राहू गाव वचकून असायचं.

मीरासाहेबाच्या मनात भलतंच आलं. शेताच्या पलीकडं नदी होती, आणि नदीला डोह होता. विळा टाकून तो पळत सुटला. शाळूची पानं तोंडावर सपासप लागत होती, कणसं डोक्याच्याही वर होती, त्यामुळं पुढचं काही दिसत नव्हतं. अल्लाचं नाव घ्यायलाही त्याला दम पुरेना.

माळ्याच्या शिडीवर दोन पायऱ्या चढून त्यानं वर डोकावलं. खुर्शिद कडब्यावर कुशीला निजली होती. पाय पोटाशी घेतलेले, पदराचं टोक खाली लोंबत होतं. एका हाताची मूठ घट्ट आवळलेली आणि मुठीत गोफणीचा गोटा. मीरासाहेब श्वास रोखून तिच्या पाठीकडं बघत राहिला. पाठ संथपणे वरखाली होत होती. तो शिडीवरून उतरला, मातीत बसला आणि आवाज न करता रडला.

ऊन कोवळं होतं. वाऱ्याची झुळूक आली की सगळी कणसं एका अंगाला कलत आणि सावकाश परत येत. त्यांच्या मधोमध माळाही बारीक डुलत होता. रानाला हुरड्याचा गोडसर वास सुटला होता. मीरासाहेबाला वाटलं, आपणही इथंच आडवं व्हावं आणि कुणी उठवू नये.

तेवढ्यात भोरड्या आल्या. रान मोकळं आहे हे त्यांना कोण सांगतं कोण जाणे. आभाळात एक गुलाबी-काळा पट्टा वळला आणि सगळाच्या सगळा शाळूवर उतरला.

मीरासाहेब दाण्यादाण्याला जपणारा माणूस. खळ्यावर तो मुंग्यांशीसुद्धा भांडायचा, आणि बिबीजान त्यावरून त्याला चारचौघांत हसायची. आताही तो ओरडायला ताडकन उठला, तोंडही उघडलं आणि तसंच मिटलं. मग त्यानं डोक्याचं मुंडासं सोडलं आणि ते फडकावत, जिभेला कुलूप घालून, तो रानातून धावू लागला. भोरड्या एका ओळीतून उठत आणि पुढच्या ओळीत बसत. त्यांना त्याची गंमतच वाटत असावी. दमून तो बांधावर आला, तर समोर गेणबा गोफण गरगरा फिरवत उभा. मीरासाहेबानं त्याला दोन्ही हात जोडले.

गोफण थांबली. गेणबा बांधावर आला.

“काय झालं, मीरासायेब? सगळा थवा तुमच्यात उतरलाय.”

“झोपलीय,” मीरासाहेब म्हणाला.

गेणबानं माळ्याकडं पाहिलं. कडब्याबाहेर आलेली दोन पावलं तेवढी तिथून दिसत होती. तो हळूच विचारता झाला, “खरंच झोपलीय?”

“व्हय.”

गेणबा आपल्या माळ्यावर परत गेला आणि त्यानं डबा उचलून पायाशी उपडा घातला. थोड्या वेळानं निम्मा थवा उठून त्याच्याही रानात उतरला. गेणबा विडी ओढत आभाळाकडं बघत पडून राहिला.

सगळं शिवार गप्प झालं. दाणे टिपल्याचा बारीक कुरकुर आवाज तेवढा येत होता. लांब, दौंडच्या अंगाला, आगगाडीनं शिट्टी दिली तेव्हा मीरासाहेबानं दचकून माळ्याकडं पाहिलं. आगगाडीला काही हात जोडता येत नव्हते. पण खुर्शिद जागी झाली नाही. तिनं एक लांब सुस्कारा सोडला आणि ती दुसऱ्या कुशीवर वळली.

वळताना तिची मूठ सुटली. पोराला माती दिल्यापासून ही पोरगी मुठी आवळूनच बसायची, भाकरीसुद्धा बिबीजान भरवायची. आता बोटं एकेक करून उलगडली आणि गोटा घरंगळत माळ्याच्या कडेशी आला, तिथून खाली शाळूत पडला.

भोरड्या भुर्रकन उठल्या. केवढा तो पंखांचा फडफडाट आणि केवढा कलकलाट. मीरासाहेब लगबगीनं उभा राहिला. दारातून माघारी वळणाऱ्या पाहुण्यांना थांबवावं तसे त्यानं दोन्ही हात पुढं केले, आणि अगदी दबक्या आवाजात म्हणाला,

“बसा, बसा. पोटभर खाऊन जावा.”