आईच्या उशीवरून

भुताचे सिनेमे करणाऱ्या कॅमेरामनची आई अंथरुणाला खिळलेली होती. हल्ली तो खोलीत आला की ती किंचाळायची. त्याच्या हातून ना औषध घ्यायची, ना पाणी.

“लोकांना घाबरवून पोट भरलं नाही, म्हणून आता घरातही सुरू केलंत का?” बायको म्हणाली.

एके दुपारी बायकोने उचलून बसवलेली आई खिडकीशी खुर्चीत डुलक्या घेत होती. तो तिच्या पलंगावर आडवा झाला, उशीवर डोकं टेकलं आणि बायकोला म्हणाला, “जरा दारात उभी राहा.”

ती उभी राहिली. पाठीमागे बाहेरचा उजेड, चेहरा काळोखात, आणि खालून बघताना डोकं पार छताला भिडलेलं. पडद्यावर भूत तो नेमकं असंच दाखवायचा.

संध्याकाळी त्याने बाहेरचा दिवा बंद केला, आईच्या उशाजवळचा लावला आणि पलंगाला टेकून खाली जमिनीवर बसला. आईने मान कलती करून त्याच्याकडे पाहिलं.

“आलास होय रे सोन्या? किती दिवसांनी! इथे एक ताडमाड माणूस यायचा बघ. गेला का तो?”

“गेला,” औषधाचा चमचा वर धरत तो म्हणाला. “आता नाही यायचा.”