तिसरं कडवं

माझी बायको तुळसा अंथरुणाला खिळली, तेव्हा मी बारामतीहून सुटे भाग आणून साबणाच्या डबीत बॅटरीवरचा बिनतारी सेट बनवला. तो तिच्या उशाशी ठेवला. ती बोलली की मळ्यात माझ्या रेडिओवर ऐकू यायचं. तिनं हाक मारली की मी घरी पळायचं, असं ठरलं होतं.

दोन महिने तिनं हाक मारलीच नाही. रोज भीमाचा पाळणा म्हणायची. तिसऱ्या कडव्याला कोंबडी घरात शिरायची आणि ती ओरडायची, "हुश्श, मेले!" मी मळ्यात एकटाच हसायचो. वाटायचं, सुधारतेय.

ती गेली. जलदानविधीनंतर मळ्यात आलो आणि सवयीनं रेडिओ लावला. पाळणा चालू होता. तिसऱ्या कडव्याला ती ओरडली, "हुश्श, मेले!"

मी घरी पळालो. सेट पडवीत होता. आमची अंजली त्याच्यासमोर टेप लावून रडत बसली होती.

"आबा, आईनंच कॅसेट भरून घेतली हुती. म्हणाली, माझं कण्हणं त्यांना ऐकू जाऊ देऊ नगं. तुमी मळ्यात गेलात की मी सेट हितं पडवीत आणायची."

"आन् तू रोज हे लावलंस?"

"व्हय."

"तिनं कधी हाक मारली का गं मला?"

अंजलीनं टेप बंद केला.

"शेवटी शेवटी रोज, आबा."